उलटा हात, सुलटा हात

लिफ्टच्या तपासनिसाचं विजेचं दाढीयंत्र सोमवारी सकाळी सव्वासातला बंद पडलं. जाता जाता त्यानं डावा गाल पुरा करून दिला होता. उजव्या गालाला हात लागला नव्हता. तपासनिसानं यंत्र हलवून पाहिलं, तळहातावर आपटलं, कानाशी धरलं. यंत्रांचे आवाज ऐकणं हाच त्याचा धंदा होता. उंच इमारतींमध्ये जायचं, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर तपासायचे आणि ब्रेक कितपत घासलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचं, हे तो सत्तावीस वर्षं करत होता. पण आवाजच नाही म्हटल्यावर ऐकायचं काय? आतली बॅटरी फुगून बसली आहे एवढं त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं यंत्र खिडकीत ठेवून दिलं.

साडेआठला त्याला एका बारा मजली इमारतीत पोचायचं होतं. अर्ध्या दाढीनं गेलो तर लोक लिफ्ट सोडून आपल्यालाच तपासतील, हे त्याला दिसत होतं. बायको शाळेत गेली होती. ती भूगोल शिकवायची आणि साडेसहालाच घराबाहेर पडायची. घरात सासूबाई होत्या, पण त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सासरे वारल्यावर, म्हणजे चार महिन्यांपूर्वी, त्या तीन ट्रंका घेऊन लेकीकडे राहायला आल्या होत्या. एक ट्रंक त्यांच्या खोलीत आणि दोन बोळातल्या कपाटात. त्या दोन ट्रंका कपाटात बसवताना एकीचं झाकण उघडलं होतं आणि कपड्यांच्या तळाशी पत्र्याचा एक डबा दिसला होता. डब्यातून दाढीच्या ब्रशाचं टोक बाहेर आलेलं तपासनिसाला आठवलं. सासऱ्यांचं सामान, दुसरं काय. विचारायला वेळ नव्हता.

डब्याच्या झाकणावर लाल रंगात चारचा आकडा काढलेला होता. आत एक ब्रश, तळाशी साबणाची तडकलेली वडी असलेली वाटी, मेणकागदात गुंडाळलेली पाती आणि एक रेझर. रेझर हातात घेतल्यावर तपासनीस घाई विसरला. एवढ्याशा वस्तूला चांगलंच वजन होतं. दांड्याच्या टोकाची कळ फिरवली की माथ्यावरची दोन झाकणं लिफ्टच्या दारांसारखी हळूच उघडत होती आणि उलटी फिरवली की मिटत होती. त्यानं चार वेळा उघडमीट करून पाहिली. असलं काम हल्ली कोणी करत नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. नवीन पातं बसवलं, साबण ओला केला आणि ब्रश फिरवला.

पुढे जे झालं त्याला दाढी म्हणणं कठीण आहे. यंत्र दाबून धरायची त्याच्या हाताला सवय, तसंच त्यानं हेही दाबलं. दहा मिनिटांत उजव्या गालावर पाच ठिकाणी रक्त आलं. कापसाचे पाच बोळे चिकटवून तो इमारतीत पोचला. दारावरचा रखवालदार आधी कापसाकडे आणि मग ओळखपत्राकडे बघत राहिला. ऑफिसात नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मांजर पाळलंत का?"

पण दुपारी वेगळंच घडलं. नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर उभं असताना त्याचा हात सहज गालावर गेला आणि तिथंच थांबला. कापलेल्या जागा सोडल्या तर उजवा गाल काचेसारखा लागत होता. डावा गाल यंत्राचा. तो सकाळीच केलेला असून खरखरत होता. तपासनिसानं पुन्हा उजवा चाचपला, पुन्हा डावा. जिथं रक्त निघालं त्याच गालावर आपण खूष का, हे त्याला कळेना. दिवसभर त्याचा हात तिकडेच जात राहिला. शेवटी मदतनीस म्हणाला, "साहेब, दात दुखतोय का?"

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी उठला. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यानं पाणी गरम केलं, ब्रश भिजवला, साबणावर घोळवला. फेस आधी पाणचट आला, मग दाट झाला. गरम फेस गालावर बसला तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटले. यंत्रानं दाढी करताना तो कधी आरशात बघत नसे. बातम्या ऐकत घरभर फिरायचा. आता बघणं भाग होतं. त्याला दिसलं की आपली एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. बावन्नाव्या वर्षी ही बातमी कळून माणसानं करायचं काय, तेही त्याला समजलं नाही. त्या दिवशी फक्त दोनदा कापलं. बुधवारी एकदा. उभा दिवस मोटारींच्या घरघरीत घालवणाऱ्या माणसाला सकाळचा तो पाव तास आवडायला लागला.

गुरुवारी बायको शाळेतून आली आणि बेसिनवर विसरलेला डबा तिनं पाहिला.

"हे कुठून काढलंत?"

"बाबांचं आहे. आईंच्या ट्रंकेत होतं. विचारणार होतो, पण त्या झोपल्या होत्या."

"कोणाच्या बाबांचं?"

"तुझ्या."

"माझ्या बाबांना दाढी होती," बायको म्हणाली.

"म्हणून तर..." तपासनीस बोलला आणि बोलता बोलता थांबला. सासऱ्यांना दाढी होती. चांगली छातीपर्यंत, पांढरीशुभ्र. लग्नात त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा ती त्याच्या डोक्यावरून फिरली होती. तेवीस वर्षं त्या दाढीसमोर बसून त्यानं चहा प्यायला होता. आणि त्या माणसाचं दाढीचं सामान म्हणून हा डबा त्यानं बिनदिक्कत उघडला होता. कोणी आपल्याला नोकरीवर कसं ठेवलं, असा प्रश्न त्याला पडला.

"मग हे कोणाचं?" त्यानं विचारलं.

बायकोनं रेझर उचलला नाही. डब्याच्या झाकणावरच्या चारच्या आकड्याकडे ती बघत राहिली. तिला भाऊ नव्हता, काका नव्हता. आईच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, मेणकागदात जपून ठेवलेलं कोणा परक्या पुरुषाचं सामान. हा हिशेब तिच्या डोक्यात चालला आहे हे नवऱ्याला दिसत होतं, कारण तोच हिशेब त्याच्याही डोक्यात सुरू झाला होता.

"ठेवून द्या होतं तिथं," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला विचारू नका."

"का?"

"का ते मला माहीत नाही. पण विचारू नका. आणि तुम्ही ते वापरलंत हेही तिला कळता कामा नये."

शनिवारी ती नवीन यंत्र घेऊन आली. रविवारी तपासनिसानं त्या यंत्रानं दाढी केली आणि दिवसभर चिडचिड केली. सोमवारी बायको शाळेत गेल्यावर त्यानं कपाट उघडलं. चोरी तर चोरी. मात्र सासूबाईंना संशय नको म्हणून त्यानं एक युक्ती काढली. न्हाणीघराचं दार लावायचं, नवीन यंत्र चालू करून फळीवर ठेवून द्यायचं, ते घुर्र करत राहील, आणि इकडे आपण रेझरनं दाढी करायची. दोन दिवस युक्ती चालली. तिसऱ्या दिवशी, गळ्यावर पातं असताना, दाराबाहेरून आवाज आला.

"ते यंत्र बंद करा. मला नीट ऐकू येत नाही."

तपासनिसाचा हात हवेत राहिला. मग त्यानं मुकाट्यानं यंत्र बंद केलं.

"हं. आता फिरवा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं रेझर फिरवला.

"हात उलटा फिरतोय तुमचा. गळ्यावर केस खालून वर उगवतात काही जणांचे. बोट फिरवून बघा. जिकडे बोट अडेल तो उलटा हात, जिकडे घसरेल तो सुलटा. आधी सुलटा मारा. उलटा दुसऱ्या फेसावर."

त्यानं बोट फिरवलं. खरंच, उजवीकडे एक तऱ्हा होती आणि डावीकडे दुसरी. बावन्न वर्षांचा गळा आपलाच, आणि दाराबाहेरच्या बाईंना तो जास्त माहीत.

"दाबू नका. रेझरला वजन आहे ना? मग ते त्याला करू द्या, तुम्ही नुसता धरा. साय काढल्यासारखा आवाज आला पाहिजे. तुमचा खोरं ओढल्यासारखा येतोय."

तपासनिसानं हात सैल सोडला. आवाज बदलला. त्याचा कान तयार होता, त्यालाही फरक कळला.

"आता जमलं," सासूबाई म्हणाल्या आणि चपलांचा आवाज बोळातून निघून गेला.

दाढी उरकून तो बाहेर आला तेव्हा त्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. "चहा झाकून ठेवलाय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मघाशी कोणी बोललं होतं की आपल्याला भास झाला, अशी तपासनिसाला शंका आली.

पण दुसऱ्या दिवशीही पावणेसात झाले नि दाराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता यंत्र लावायचं नाटक करायचं कारण नव्हतं. पुढचे आठ दिवस, बायको घरी असण्याचा रविवार सोडून, रोज दारातून शिकवणी चालली. ब्रशाला पाणी किती, वाटीत किती वेळा फिरवायचा, गाल ताणायचा तो कुठल्या बोटांनी, पातं किती दाढ्यांनी बदलायचं. त्या कधी रागावत नसत. एकदा नुसतं म्हणाल्या, "गडबड झाली ना? आवाज तुटला तुमचा." पाहतो तर हनुवटीवर लाल ठिपका. आणि बाहेर आल्यावर दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. जावई आणि सासू यांच्यात बोलण्याच्या गोष्टी ठरलेल्या असतात, तब्येत, हवा, फार तर गुडघे. त्यात गळ्यावरचे केस बसत नाहीत. दार मध्ये होतं म्हणून बसत होते.

नवव्या दिवशी तपासनिसानं धीर केला. बायकोनं विचारू नका म्हटलं होतं, पण दारानं तर म्हटलं नव्हतं.

"आई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

बाहेर खुर्ची करकरली. फेस वाळायला लागला.

"चार नंबरमध्ये शिकले," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषांचा वॉर्ड. ऑपरेशनच्या आधी दाढी करावी लागते पेशंटची. करणारा माणूस आजारी पडला आणि मुख्य नर्सबाईंनी विचारलं, हात कोणाचा स्थिर आहे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, फरशी पुसायला होते. माझा होता."

"पण तुम्ही तर दवाखान्याच्या नोंदणीत होता ना? केसपेपर लिहायला?"

"तसं सांगितलं होतं सगळ्यांना. सहा वर्षं मी केसपेपर लिहीत होते म्हणून. खरं म्हणजे सहा वर्षं मी रोज दहा-बारा दाढ्या करत होते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी पोट फाडायचं असलं की माणूस डॉक्टरशी बोलत नाही. दाढी करणारीशी बोलतो. काय काय ऐकलं मी. तुमचे कल्ले एकसारखे करा, डावा खाली आलाय."

तपासनिसानं कल्ले एकसारखे केले. डोक्यात मात्र सगळं इकडचं तिकडे झालं होतं. म्हणजे परका पुरुष वगैरे कोणी नव्हताच, की शेकड्यांनी होते? हे बायकोला सांगायचं की नाही? सांगितलं तर आपण डबा परत काढल्याचं सांगावं लागणार. न सांगितलं तर ती मनात भलतंच घेऊन बसणार. दिवसभर तो लिफ्टांतून वर-खाली गेला आणि ठरलं काहीच नाही.

आणि रविवार उजाडला. बायको बाजारात गेली होती. तपासनिसाच्या डाव्या जबड्याखाली पुरळ आलं होतं. त्या एका जागी त्याला हात वळवता येत नव्हता. दारातून तीनदा सांगून झालं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "असं नाही कळायचं. शर्ट घाला आणि बाहेर या."

त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी ओढली, त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि दोन बोटांनी त्याचं कपाळ मागं रेललं. तपासनिसाला घाम फुटला. लाज होतीच, पण भीती जास्त होती. सासूबाईंच्या हातात चहाचा कप दिला की तो बशीवर वाजत राहायचा. म्हणून त्यांना हल्ली अर्धाच कप भरून देत. त्याच हातात आता पातं होतं. तो डोळे मिटून बसला. रेझर टेकला आणि थरथर नव्हती. नावालाही नव्हती. पातं जबड्याच्या हाडावरून उतरलं, वळणावर नुसत्या मनगटानं वळलं आणि खाली गेलं. आवाज असा, की बंद कप्प्यात मखमल सरकावी.

"आई," दारातून बायकोचा आवाज आला. "काय चाललंय हे?"

तपासनिसानं उठायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी कपाळावरची बोटं दाबली. "हलू नका. अजून दोन हात राहिलेत."

ते दोन हात पुरे होईपर्यंत बायको पिशव्या घेऊन तशीच उभी होती. मग सासूबाईंनी रेझर धुतला, पुसला आणि लेकीला सगळं सांगितलं. दाराआडून तुटक तुटक सांगितलेलं समोरासमोर चार मिनिटांत सांगून झालं. शेवटी म्हणाल्या, "आणि तुझे बाबा एकोणीस नंबरच्या खाटेवर होते. जबड्याखाली गाठ होती. मी त्यांची दाढी केली, तीन दिवस लागोपाठ. चौथ्या दिवशी ऑपरेशन. बरे होऊन घरी गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले. म्हटलं, आता काय दुखतंय? तर म्हणे काही नाही."

"आणि मला सांगायचंस ते? नोंदणी विभाग, निळी शाई, उंच स्टूल?"

"स्टूल होतं. शाई होती. दुसरीची होती." सासूबाई टॉवेलची घडी घालत होत्या. "त्यांच्या बहिणीला कळलं असतं की ही परक्या पुरुषांच्या तोंडाला हात लावते, तर लग्न झालं नसतं. त्यांनी सुचवलं, नोंदणीत म्हणून सांगू. मला तेव्हा गंमत वाटली. मग तू झालीस, तुलाही तेच सांगितलं. नंतर खरं सांगायला निमित्तच मिळालं नाही."

 बायकोनं भाजी निवडायला घेतली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. सगळे निरोप तपासनिसामार्फत जाऊ लागले. "आईला विचारा, दूध हवंय का." "तिला सांगा, नको." सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या. बायको रागावली आहे की दुखावली आहे, हे त्याला ओळखता येईना. नवऱ्यावर रागावली असेल असं धरून त्यानं माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुमचा काय संबंध?" संबंध नाही म्हणून तो गप्प बसला, तर म्हणाली, "तुम्ही तरी बोलायचं होतं." सत्तावीस वर्षांत असली बिघडलेली लिफ्ट त्यानं पाहिली नव्हती, वरचं बटण दाबावं तर खाली जाते आणि खालचं दाबावं तर दार उघडून उभी राहते.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. तपासनीस फेस लावत होता, दार उघडंच होतं, कारण आता लावायचं कोणासाठी? बायको येऊन चौकटीला टेकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग मागं वळून म्हणाली, "आई, इकडे ये जरा."

सासूबाई आल्या.

"बाबांनी मग दाढी का ठेवली? तू रोज केली असतीस की."

"मी चव्वेचाळीस वर्षं हेच विचारत होते," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या दिवसापासून पातं लावू दिलं नाही. विचारलं की दर वेळी नवं उत्तर. एकदा म्हणाले ऑपरेशनची खूण झाकायला. एकदा म्हणाले वेळ फुकट जातो. एकदा भांडण झालं तेव्हा म्हणाले, घरात तू माझी बायको आहेस, वॉर्डातली बाई नाहीस, मला तुझ्या हातून पेशंट व्हायचं नाही. आणि एकदा, तू तापानं फणफणली होतीस त्या दिवसांत, म्हणाले, ते तीन दिवस मला पुरले. यातलं खरं कुठलं, कोण जाणे."

"खूण होती का?"

"शेवटी दवाखान्यात त्यांनी नळ्या लावायला दाढी काढली ना. मी म्हटलं मी करते. तिथला माणूस म्हणाला, आजी, बाहेर थांबा. यंत्रानं काढली त्यानं, घाईघाईनं. मग मास्क लावला. सगळं संपल्यावर मास्क काढला तेव्हा मी खूण शोधली. नव्हती. वयानं मिटली असेल. नाहीतर कधी नव्हतीच."

बायको बेसिनशी आली होती. तपासनीस तोंडाला फेस लावून त्या दोघींच्या मधे उभा होता आणि बाजूला व्हायला जागा नव्हती.

"मी बघितलंच नाही," बायको म्हणाली. "मास्क होता तोवर डोळेच दिसत होते, आणि नंतर मला बघवेना. मला बाबांची हनुवटी माहीत नाही, आई. मी कधी पाहिलीच नाही."

सासूबाईंनी हात पुसले. मग त्यांनी लेकीचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि अंगठा तिच्या हनुवटीवर ठेवला.

"इथं खळी होती. तुझी आहे त्याहून खोल. पातं उभं धरावं लागायचं. इथं डाव्या जबड्याखाली केसांचा भोवरा होता, त्यामुळे तिथं तीनदा दिशा बदलायची. वरचा ओठ छोटा. आणि गाल ताणला की हसायचे, म्हणून मी सारखी ओरडायची." अंगठा जबड्याच्या कडेनं कानापर्यंत गेला आणि परत हनुवटीवर आला. लेक डोळे मिटून उभी होती. सासूबाईंनी तिच्या सगळ्या चेहऱ्यावर तसाच अंगठा फिरवला, न घाई करता, कल्ल्यांच्या जागेपासून गळ्याच्या घाटीपर्यंत. पाणी आलं ते दोघींच्याही डोळ्यांत नाही. आलं ते तपासनिसाच्या, आणि ते साबणानं आलं की कशानं, याचा त्यानं शोध घेतला नाही.

बऱ्याच वेळानं बायकोनं डोळे उघडले. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात नकाशा टांगल्यावर ती पहिल्यांदा पाहत असावी.

"मला शिकव," ती आईला म्हणाली.

"काय?"

"हे. कसं करतात ते."

"कोणावर?" तपासनिसानं विचारलं.  सासूबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. फेस वाळला होता, तो नव्यानं लावला. बायकोनं रेझर हातात घेतला, वजन तोललं आणि म्हणाली, "जड आहे."

"जड आहे म्हणून तर. तू ढकलू नकोस. आधी बोट फिरवून बघ, कुठं अडतंय."

बायकोचं बोट गालावरून फिरलं. तेवीस वर्षांच्या संसारात तिनं आपल्या तोंडाकडे इतक्या जवळून कधी पाहिलं होतं, हे तपासनिसाला आठवेना. ती रागावलेली आहे की नाही, हेही त्याला अजून कळलेलं नव्हतं. पातं कानाशी टेकलं.

"इथं सुलटा ना?"

"सुलटा. आता उतर."

ती उतरली. आवाज पहिल्यांदा अडखळला, मग लागला. अर्ध्यावर ती थांबली, पातं धुतलं आणि गालाची मऊ झालेली पट्टी तिनं पालथ्या हातानं चाचपून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. राग गेला का, असं तपासनिसाला विचारायचं होतं, पण तोवर तिनं त्याचा गाल दोन बोटांनी ताणून धरला होता, त्यामुळे ते राहूनच गेलं.